तराजू आणि क्ष



परवा सूर्यास्ताआधी जेवणं उरकली आणि आमची नात वही घेऊन रडवेली बसली. गणित होतं: ३क्ष + २०० = १४००.

"आजी, दोनशे पलीकडे नेले की वजा का होतात?"

खरं सांगते, मलाही ते कधी कळलं नव्हतं. 'पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं' एवढं पाठ केलं, आठवीत नापास झाले आणि "मुलीला काय करायचंय गणित" म्हणून शाळा सुटली. तीच भीती मला तिच्या डोळ्यांत दिसली.

ह्यांच्या जिंतूरच्या दुकानात आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे. जुना तराजू माळ्यावर होता, तो काढला. एका पारड्यात साखरेच्या तीन सारख्या पुड्या आणि दोनशे ग्रॅमचं वजन ठेवलं. दुसऱ्यात एक किलो आणि दोनशेची दोन वजनं. काटा मध्ये. तिनं डावीकडचे दोनशे उचलले, तराजू लगेच झुकला. मग उजवीकडचेही दोनशे उचलले, पुन्हा सारखा.

"म्हणजे दोनशे पलीकडे गेलेच नाहीत, दोन्हीकडून उठले!"

तीन पुड्या बाराशे, तर एक चारशे. चारशेची तिप्पट करून दोनशे मिळवले, १४०० आले. ताळाही जुळला.

मला तत्त्वार्थसूत्रातला 'हीनाधिकमानोन्मान' आठवला. मापात कमी-जास्त करणं हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार. समीकरणही तेच सांगतं: एका पारड्याला जे कराल, तेच दुसऱ्याला.

आणि गणित आपल्याला परकं कुठं आहे? राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, सुमारे इ. स. ८५० मध्ये, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. लौकिक असो वा धार्मिक, प्रत्येक व्यवहारात गणित लागतं, असं ते सुरुवातीलाच सांगतात. मोत्यांची माळ तुटली, इतका भाग सांडला, इतके उरले, तर मूळ किती, अशी कोडी त्यात आहेत. न दिसणारी संख्या शोधायची, म्हणजे आपला क्षच.

नातीनं पुढचं गणित माझ्यासमोर सरकवलं: ५क्ष − १० = ४०. मी दोन्हीकडे दहा मिळवले, पाचानं भागलं. क्ष दहा आला.

तिनं लाल पेनानं बरोबरची खूण केली. चव्वेचाळीस वर्षांनी मिळाली मला ती.

जय जिनेंद्र.