वहीतील एक पान

बदलीच्या नोकरीत माणसाने मुळे धरणारा छंद लावून घेऊ नये, असे आमचे एक वडीलधारे सहकारी सांगत असत. तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड उचलावयाचे. पुस्तके खोक्यात जातात, पेटी गवसणीत जाते. पण पाण्याने भरलेली टाकी आणि तीत पोहणारे मासे कोणत्या खोक्यात भरणार? वाचकांपैकी पुष्कळांनी परप्रांतात अशीच बिऱ्हाडे थाटली व मोडली असतील, त्यांना हा उपदेश पटेल. मलाही तो पटला होता. तथापि २०२१ साली जबलपूरला बदलून आल्यावर दीडेक वर्षातच रांझीतील आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर पाचशे लिटरची टाकी, तिच्यावर खडीने भरलेली दोन अर्धी पिंपे आणि सभोवती बांबू व हिरवी जाळी यांची एक खोपी उभी राहिली. खाली रोहूची चाळीस पिले आणि वर पालक, अशी ती व्यवस्था. तिला ॲक्वापोनिक्स म्हणतात. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. त्यामुळे पालकासाठी मासे पाळणारा मराठी बाबू म्हणून गल्लीत माझी थोडी थट्टाही झाली.

या व्यवस्थेतील युक्ती निसर्गाचीच आहे. माशांच्या मलमूत्रातून पाण्यात अमोनिया साठतो व तो माशांनाच विषारी असतो. पंपाने ते पाणी वरच्या खडीत सोडले की खडीवर वस्ती करणारे एक जातीचे सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट पालकाची मुळे शोषून घेतात. निवळलेले पाणी पुन्हा खाली येते. ही वस्ती जमावयास सुमारे सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून अधिक. सारा संसार या न दिसणाऱ्या भाडेकरूंवर अवलंबून असतो.

हा नाद मला लागला तो शेजारच्या मिस्त्रीजींमुळे. जबलपूर हे यंत्रकामाचे गाव. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली निघाला, वाहनांचा १९६९ साली. त्यामुळे रांझीच्या कोणत्याही गल्लीत हाक मारली तर एखादा निवृत्त टर्नर किंवा फिटर ओ देतो. मिस्त्रीजी असेच निवृत्त टर्नर. आयुष्यभर सरकारी लेथवर काम केल्यावर त्यांनी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा लेथ बांधला. गुरंदी बाजारातल्या भंगारातून जुने लोखंडी चॅनेल, ट्रकचे बेअरिंग आणि धुलाईयंत्राची मोटर आणून त्यांनी तो उभा केला. माझ्या खडीच्या पिंपांतील पाणी आपोआप भरते व रिकामे होते, त्या सायफनच्या साऱ्या जोडण्या त्यांनी याच लेथवर नायलॉनच्या दांड्यातून कातून दिल्या.

भंगारातून अचूक यंत्र कसे निघते, हे कोडे मी त्यांना एकदा विचारले. त्यांनी ओतीव लोखंडाच्या तीन प्लेटा दाखविल्या. एका प्लेटला निळा रंग लावून ती दुसरीवर घासावयाची, आणि जेथे रंग उमटेल तो उंचवटा खरवडून काढावयाचा. परंतु दोनच प्लेटा एकमेकींशी जुळविल्या तर फसगत होते. एक खोलगट व दुसरी फुगीर असली तरी त्या तंतोतंत बसतात. तिसरी प्लेट आणून तिघींची आळीपाळीने जोडी लावली, की ही लबाडी टिकत नाही. तिघी परस्परांशी जुळल्या म्हणजेच त्या सपाट. इंग्लंडातील जोसेफ व्हिटवर्थने ही रीत १८४० साली विद्वानांपुढे मांडली होती. रांझीतल्या शेडमध्ये मी ती डोळ्यांनी पाहिली.

आमच्या रविवारच्या बैठकीचेही तसेच होते. मिस्त्रीजी, रेल्वेतील एक बंगाली गृहस्थ (वाढलेले मासे त्यांच्या वाट्याला जात), एका शाळेतील शिक्षिका, दोन पॉलिटेक्निकचे विद्यार्थी आणि मी. प्रत्येकाच्या घरी काही ना काही चाललेले असे. कोणाची जाळीची खोपी, कोणाचे घरी केलेले ड्रिलचे यंत्र. बैठकीची एक वही होती. तीत तारीख, काय केले, काय झाले आणि काय बिघडले, एवढे चार रकाने मी कारकुनी वळणाने आखले होते. चौथा रकाना रिकामा ठेवावयाचा नाही, हा मिस्त्रीजींचा नियम.

मी त्यांना आपल्याकडील श्री. अ. दाभोळकरांची हकिकत सांगितली होती. गणिताचे प्राध्यापक असलेल्या या माणसाने कोल्हापूरकडे ‘प्रयोग परिवार’ उभा केला, तासगावच्या द्राक्षबागाइतदारांना स्वतःच्या शेतात स्वतः प्रयोग करावयास आणि फळ एकमेकांना मोकळेपणाने कळवावयास शिकविले. अमेरिकेतील डेव्ह गिंगरी यांनीही कोळशाच्या भट्टीत भंगारातले ॲल्युमिनियम वितळवून घरी लेथ कसा ओतावा, याची पुस्तके लिहिली व ती कित्येकांच्या हाती गेली. हे सांगताना माझी छाती थोडी फुगली होती, हे कबूल केले पाहिजे.

आता ज्या पानासाठी हा लेख लिहिला त्याकडे वळतो.

२०२३ च्या जुलैत माझे सासरे प्रथमच आमच्याकडे येणार होते. टाकीतील पाणी शेवाळाने हिरवे झाले होते. शनिवारी रात्री मी घाईघाईने निम्मे पाणी काढून टाकले आणि नळाला रबरी नळी लावून टाकी सरळ भरली. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन असावयाचेच, आणि ते असते म्हणून आपण सुखरूप राहतो. परंतु माशांच्या कल्ल्यांना ते जाळते आणि खडीवरच्या जंतूंनाही मारते. नळाचे पाणी उघड्या पिंपात एक दिवस ठेवून मगच टाकीत घालावे, हा नियम वहीच्या दुसऱ्या पानावर होता. तोही माझ्याच अक्षरात. सकाळी एकतीस पिले पाण्यावर तरंगत होती.

त्या रात्री अर्धा तास वीज गेली होती, हे खरे होते. कचेरीत काम करणाऱ्यास ठाऊक असते की, पूर्ण खोटे लिहिण्याची गरज क्वचितच पडते. एक खरी गोष्ट सोयीच्या जागी ठेवली की पुरते. मी चौथ्या रकान्यात लिहिले, “रात्री वीज गेल्याने पंप बंद. प्राणवायूअभावी ३१ मासे मृत.” पाणी बदलल्याचा उल्लेख केला नाही. सर्वांनी हळहळ व्यक्त केली. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून उन्हाळ्यात व उमसात वीज जाणे घातक, यावर चर्चाही झाली. शिक्षिकाबाईंनी साठविलेल्या पैशांतून नऊ हजारांचा इन्व्हर्टर व बॅटरी घेतली.

सप्टेंबरात त्यांचेही मासे मेले. इन्व्हर्टर रात्रभर चालू होता. बाईंनी जेवढे झाले तेवढे प्रामाणिकपणे सांगितले. टाकीत पाणी कमी दिसले म्हणून आदल्या संध्याकाळी चार बादल्या नळाखालून सरळ ओतल्या होत्या. एक विद्यार्थी म्हणाला, “पाण्यामुळेच असेल.” तेव्हा मिस्त्रीजींनी वही उघडून माझे पान दाखविले. “बाबूजींनी तर पाणी बदललेच नव्हते, तरी मासे गेलेच की. दोष पंपाचाच असणार.” माझ्या लिहिण्याने खरे कारण विचारातून बाद झाले होते.

पुढील दोन रविवार त्यांनी तो पंप उघडण्यात घालविले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला; पंप खिडकीशी धरून, पाती चाचपून, पुन्हा जोडून ते तो पाण्यात सोडत आणि पंप निर्दोष चाले. तिसऱ्या रविवारी त्यांनी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर मागितला, तेव्हा तो त्यांच्या हाती देणे मला अशक्य झाले. मी सर्व सांगितले.

कोणीच काही बोलले नाही. बाई फक्त म्हणाल्या, “मैं तो समझी, मेरे ही हाथ से कुछ हुआ है.” त्यांचे एका अर्थी खरेच होते, परंतु त्यांच्या हातून जे झाले त्याची सूचना देण्याचे काम माझ्या पानाचे होते. इन्व्हर्टरचे निम्मे पैसे मी देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. मी पान फाडण्यासाठी वही ओढली, तेव्हा मिस्त्रीजींनी तिच्यावर हात ठेवला. “पन्ना मत फाड़िए, बाबूजी. नीचे लिखिए.”

सरकारी टिपणातही चूक खोडून टाकावयाची नसते; तिच्यावर एक रेघ मारून, शेजारी खरे लिहून, स्वाक्षरी करावयाची असते. बारा वर्षे मी हा नियम इतरांना सांगत आलो होतो. त्या दिवशी तो प्रथमच स्वतःवर चालविला.

बाई दोन रविवार आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी आल्या आणि कोणाशीही न बोलता त्यांनी माझ्या ओळींखाली आपल्या ओळी लिहिल्या. शाळेतील रसायनाच्या शिक्षकांना त्यांनी विचारले होते. अगदीच घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थोडेसे स्फटिक क्लोरीन निष्प्रभ करतात. मग त्यांनी वही माझ्याकडे सरकविली आणि विचारले, “इस बार पालक के बीज कहाँ से लाए?”

या महिन्यात माझ्या बदलीचा हुकूम आला. वडीलधाऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. टाकी खोक्यात मावत नाही. ती बाईंच्या गच्चीवर गेली. मिस्त्रीजींनी सायफनच्या जोडण्यांचा एक नवा संच कातून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. मी वहीची नक्कल करावयास घेतली आहे. रोज रात्री चार-पाच पाने होतात. काल ते पान आले. क्षणभर लेखणी थांबली. मग रेघ मारलेल्या ओळीसकट ते जसेच्या तसे उतरवून घेतले.