वाफेला रंग देताना

लास व्हेगासहून उत्तरेला साधारण चार तास गाडी हाकली की नेव्हाडातलं ईली लागतं. स्पेलिंग बघून आपण 'एली' म्हणून मोकळे होतो, तिथल्यांना ते चालत नाही. वस्ती जेमतेम चार हजारांची. गावातून जाणाऱ्या ५० नंबरच्या हमरस्त्याला 'लाइफ' मासिकानं १९८६ साली अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं. लोकांनी राग तर धरला नाहीच, उलट त्याच्या पाट्या करून लावल्या.

इथं बघायचं ते नेव्हाडा नॉर्दर्न रेल्वेचं यार्ड. तांब्याच्या खाणींसाठी १९०६ च्या सुमारास ही लाइन झाली. खाणी आणि गाड्या थंडावल्या, पण शेड, वर्कशॉप, सुटे भाग, सगळं जागच्या जागी राहिलं. १९१० साली बाल्डविननं बांधलेलं ४० नंबरचं इंजिन अजून कोळशावर धावतं. शेडमध्ये पूर्वी 'डर्ट' नावाचा बोका राहायचा. मूळचा केशरी-पांढरा, पण काजळीत लोळून इतका काळवंडलेला की नाव सार्थ व्हावं.

फोटोवाले इथं मुद्दाम फेब्रुवारीत येतात. हवा जितकी थंड तितकी वाफ दाट, पांढरी आणि रेंगाळणारी. आम्ही चौघं गेलो तेव्हा रात्री शून्याखाली पंधरा होतं. हातमोज्यांच्या आत दुसरे हातमोजे, आणि फ्लॅशच्या बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात, नाहीतर थंडीनं त्या मान टाकतात.

रात्री इंजिनाचा फोटो काढायचा म्हणजे ओ. विन्स्टन लिंकचं नाव निघणारच. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं त्यानं १९५५ ते १९६० या काळात टिपली, बहुतेक रात्री. ऑगस्ट १९५६ मधला वेस्ट व्हर्जिनियातल्या ड्राइव्ह-इन थिएटरचा फोटो प्रसिद्ध आहे: पुढं मोटारीत जोडपं, पडद्यावर विमान, मागून धडधडत जाणारी मालगाडी. त्यासाठी ४३ बल्ब एकदम पेटवले होते. त्या झगमगाटात पडदा कोराच उठला, विमान नंतर डार्करूममध्ये बसवलं. सगळे बल्ब वायरींनी एका साखळीत जोडलेले, एक बिघडला तर एकही पेटणार नाही. त्याचं संग्रहालय व्हर्जिनियात रोनोकच्या जुन्या स्टेशनात आहे, तिकडं गेलात तर चुकवू नका.

आमच्याकडं वायरी नव्हत्या. सहा फ्लॅश, प्रत्येकाला रेडिओ रिसीव्हर, कॅमेऱ्यावर ट्रान्समीटर. प्रकाशाच्या इशाऱ्यावर चालणारे जुने वायरलेस फ्लॅश इथं कुचकामी, कारण मध्ये काही टन लोखंड उभं असतं. रेडिओ त्याला वळसा घालून पोचतो. पोलादी कॅबमध्ये मात्र तोही अडखळतो, म्हणून तिथला रिसीव्हर खिडकीला चिकटवला.

रंगांचं गणित मला फार आवडतं. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर, म्हणजे ३२०० केल्विनवर ठेवला. फ्लॅशचा उजेड ५५०० च्या आसपास, त्यामुळं उघडा फ्लॅश निळसर दिसतो, चांदणं पडल्यासारखा. वेगळा निळा फिल्टर नकोच, तो बहुतेक उजेड गिळून टाकतो. इंजिनामागं जमिनीवर दोन उघडे फ्लॅश वाफेकडं तोंड करून ठेवले. वाफेवर समोरून उजेड टाकला तर ती कापसासारखी सपाट दिसते, मागून टाकला की पेटते. चाकांवर आणि दांड्यांवर दोन फ्लॅश, त्यांना नारिंगी जिलेटीन (आपल्या नाटकवाल्यांचा शब्द), म्हणजे लोखंड लोखंडासारखं दिसतं. एक शेडच्या खिडकीत. आणि सहावा कॅबमध्ये, दुहेरी नारिंगीत गुंडाळलेला: भट्टीचं दार उघडल्याचा भास.

मंडळातल्या एका मित्रानं जांभळं आणि हिरवं जिलेटीनही आणलं होतं. एक फोटो तसा झाला. गणेशोत्सवातली रोषणाई म्हणून ठीक. शेजारी डांगरीतला एक स्वयंसेवक उभा होता, ऐंशी पार केलेला. कॅमेऱ्याच्या पडद्याकडं पाहून तो एवढंच म्हणाला, "हे कुठलं इंजिन?"

मित्र रुसला, पण जिलेटीन त्यानंच काढली. पुढचा फोटो आजोबांनी मोठा करायला लावला आणि कॅबवर बोट ठेवलं. उजेड उजव्या बाजूनं येत होता, ती ड्रायव्हरची. त्यांचे वडील याच रेल्वेवर फायरमन, बसायचे डावीकडं.

मग आम्ही सगळी मांडणी फिरवली. कॅमेरे डाव्या बाजूला नेले, बर्फातून स्टँड ओढले, रिसीव्हर दुसऱ्या खिडकीला लावला. यात पाऊण तास गेला. कुणी कुरकुरलं नाही, मित्रसुद्धा. आजोबा चढून वडिलांच्या जागेवर बसले. टोपी ठेवू की काढू, विचारलं. ठेवा म्हटलं, आणि दोन सेकंद हलू नका. इंजिनानं वाफ सोडली, सहाही फ्लॅश पेटले.

त्यांना ईमेल नको होती. कागदावर हवा होता, बारा बाय अठरा इंचांचा. मार्चमध्ये पाठवला.