हात लावू नये

मावशीच्या लेखी प्रदर्शन म्हणजे कृषी प्रदर्शन. ठिबकच्या नळ्या, टिश्यूकल्चर केळीची रोपं आणि बाहेर पडताना भरीत-पुरीचा स्टॉल. म्हणून जळगावच्या त्या लहानशा कलादालनात शिरताना मी आधीच सांगितलं, मावशी, इथं शिल्पं आहेत. "म्हंजे मूर्त्या?" मूर्त्याच, पण पूजेच्या नव्हेत. तरी तिनं चपला दाराबाहेर काढल्या.

लांबट खोली, पांढरे लाकडी चौथरे, त्यांवर भाजलेल्या मातीची दहा-बारा कामं. प्रत्येक चौथऱ्यावर छापील चिठ्ठी: कृपया हात लावू नये. एका कोपऱ्यात बैल होता. बैल तरी कसला, नुसतं वशिंड आणि मान. जू उतरवल्यावर क्षणभर झुकून राहते तशी मान. शिंगं नाहीत, तोंड नाही. मानेच्या मागच्या बाजूला शिल्पकाराच्या अंगठ्याचा ठसा रेषांसकट भट्टीत भाजून निघाला होता. मावशी पारोळ्याकडची, तिची जीभ अहिराणी. "हाऊ ते आपला पोयाना बैल शे ना!" म्हणत तिनं सरळ वशिंडावर हात फिरवला. देखरेखीचा पोरगा धावत आला. शिल्पकार तिथंच स्टुलावर बसला होता. त्यानं मानेनंच पोराला थांबवलं.

मला तिचं काही चुकलंसं वाटेना. आमच्याकडे मातीच्या मूर्तीशी नातं जुळतं ते हातानंच. पोळ्याला कुंभाराकडून आणलेली बैलजोडी पोरांच्या हातात फिरून फिरून एका शिंगाची होते. भाद्रपदात गुलाबाई बसते, तिच्यापुढे पोरी कोजागरीपर्यंत गाणी म्हणतात, आणि तिला उचलता-ठेवताना तिच्या लुगड्याचा गुलाबी रंग बोटांना लागतो. मूर्ती लांबून बघायची असते हे आम्हाला चौकातल्या पुतळ्यांनी शिकवलं. त्यांच्या जवळ जायचं ते जयंतीला, तेही शिडी लावून.

आणि पुतळे म्हटले की आमच्याच मातीतल्या माणसाचं नाव निघतं. धुळ्याला लागून गोंदूर आहे. आता विमानाच्या धावपट्टीमुळे ओळखलं जाणारं गाव. तिथं 19 फेब्रुवारी 1925ला राम वनजी सुतार जन्मले. घरात सुतारकी. श्रीराम जोशी या गुरूंनी मुलाचा हात ओळखला आणि त्याला मुंबईच्या जे. जे.च्या वाटेला लावलं. तिथं 1953 साली मेयो पदक मिळालं. त्यानंतरची वर्षं मला त्यांच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा जास्त मोलाची वाटतात: पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत ते वेरूळला भंगलेली शिल्पं सांधत होते. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या कुणा कारागिराचा हात जिथं थांबला, तिथं आपला हात ठेवायचा आणि आपण ठेवलाय हे कळू द्यायचं नाही. पुढे गांधीसागर धरणावर त्यांनी 45 फुटी चंबळमाता घडवली, कडेला दोन मुलं, एक मध्य प्रदेश आणि एक राजस्थान. आणि म्हातारपणी 182 मीटरचे सरदार पटेल.

182 मीटर हा आकडा माझ्या डोक्यात कधी बसला नाही. त्या पुतळ्याचे आधी तीन नमुने केले होते: 3 फुटांचा, 18 फुटांचा, 30 फुटांचा. त्यातला 3 फुटांचा मला दिसतो. मावशीच्या कमरेएवढा. त्याच्या शालीची चुणी चिमटीत धरता आली असती.

चाळीसगावच्या डोंगरात, जिल्ह्याची हद्द संपते तिथं पितळखोरं आहे. तिथल्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचा एक यक्ष सापडला: ढेरपोट्या, बुटका, डोक्यावर परडीसारखं भांडं, आणि दात दाखवत हसणारा. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कण्हदास, सोनार. दगडात काम केलेला सोनार! सराफ्याच्या जळगावात राहून मला हे नाव बऱ्याच उशिरा कळलं, याची लाज वाटते. नाव कोरायला बैठक होती, पाठ होती. त्यानं हात निवडला. तो यक्ष आता दिल्लीत राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सुतारांचे बसलेले गांधीजीही दिल्लीतच, संसदेच्या आवारात. सुतारांचा स्टुडिओ शेजारच्या नोएडात होता, आणि डिसेंबर 2025मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, ते गेले तेही तिथंच. खानदेशचे हात फार लांबवर कामाला जातात, आणि केलेलं कामही तिकडेच राहतं. तक्रार म्हणून नाही सांगत. पण आमच्या पोरांना चांगलं शिल्प हातभर अंतरावरून बघायचं तर रेल्वेचं तिकीट काढावं लागतं, हे खरं आहे.

म्हणून त्या लांबट खोलीचं मला अप्रूप. दुपारभरात माणसं आली मोजून नऊ, त्यातली दोन पावसामुळे. मावशी मात्र बैलापासून हलली नव्हती. शिल्पकार स्टूल सोडून तिच्याजवळ उभा होता आणि ती त्याला सांगत होती की जू दोन्ही बाजूंना सारखं घासत नाही, राबत्या बैलाच्या मानेला आतल्या अंगाला घट्टा पडतो. तुझ्या बैलाला तो नाही. त्यानं खिशातून पेन्सिल काढून चिठ्ठीच्याच पाठीवर मान काढली, तिनं बोट ठेवून जागा दाखवली.

विकत आम्ही काही घेतलं नाही, किमती आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. चपला घालताना मावशीनं एवढंच विचारलं, माती कुठली? "गिरणेची," तो म्हणाला.