बाकीची पन्नास मिनिटं गेली कुठं?

आईला मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचं होतं. बीडहून रात्रभर बसमध्ये बसणं तिच्या कंबरेला झेपलं नसतं, म्हणून मुलानं विमानाचं तिकीट काढलं. बीडला विमानतळ नाही. जवळचा म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा, तोही सुमारे 130 किलोमीटरवर. विमानात याआधी घरातलं कुणीच बसलेलं नव्हतं.

तिकीट पाहिलं आणि मी चक्रावलो. चिकलठाणा ते मुंबई विमानतळ हे अंतर सरळ रेषेत 280 किलोमीटर. विमान ताशी आठशेच्या वेगानं जातं असं ऐकून होतो. त्या हिशेबानं 21 मिनिटं पुरायला हवीत, तिकिटावर मात्र एक तास दहा मिनिटं! दिल्लीनं तर आणखीच घोळ घातला. संभाजीनगरहून दिल्ली 980 किलोमीटर, म्हणजे साडेतीनपट लांब. तरी वेळ जेमतेम दोन तास. रात्री कागदावर पुन्हा पुन्हा भागाकार केला, पण मेळ बसेना.

पहाटे निघालो. गेवराई, शहागडचा गोदावरीवरचा पूल, पाचोड, आडूळ. विमानतळावर सामान देण्याचा काउंटर तासभर आधीच बंद होतो, त्यामुळे आणखी लवकर पोहोचावं लागलं.

कोडं सुटलं ते शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांमुळे. ते नेहमी जाणारे. तिकिटावरची वेळ, ते म्हणाले, विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि मुंबईत जागेवर जाऊन थांबलं की संपते. आधी विमान मागं ढकलतात, मग धावपट्टीच्या टोकापर्यंत सावकाश जायचं. उड्डाण झाल्यावरही दहा हजार फुटांच्या खाली साधारण ताशी 460 किलोमीटरचीच मर्यादा. आठशेचा वेग मिळतो तो उंचावर, विरळ हवेत. मुंबईच्या विमानाला तिथं फार वेळ राहताच येत नाही. चढून झालं की उतरणं सुरू. दिल्लीच्या विमानाला तो लांब, वेगाचा पल्ला मिळतो. आणि मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरात असते, म्हणून उतरायला रांग लागते.

डाव्या खिडकीतून नाथसागर दिसला. आईनं काचेला कपाळ टेकवलं. "एवढं पाणी हाय व्हय आपल्याकडं?" ती म्हणाली. मी उत्तर देईपर्यंत पट्टे बांधायची सूचना आली.

बीडकरांनी तिकिटावरच्या वेळेवर जाऊ नये. रस्त्याचे तीन तास, विमानतळावरचे दोन, प्रत्यक्ष विमान आणि मुंबईत सामान घेऊन परळ गाठायचा वेळ, असे सात-आठ तास जातात. बसच्या मानानं वेळ फार वाचत नाही. पण रुग्णाला मधेमधे उठता येतं, पाय मोकळे करता येतात, आणि आमच्यासाठी तेच मोलाचं ठरलं. तुम्हीही रुग्णाला नेत असाल तर रुग्णालयाची वेळ दुसऱ्या दिवशीची घ्या, आणि चाकाची खुर्ची हवी हे तिकीट काढतानाच सांगून ठेवा.