फेड

उत्तर हिंदुस्थानातील एखाद्या वाढत्या शहराची नाडी पाहावयाची असेल, तर तेथील केशकर्तनालयांच्या पाट्या वाचाव्यात, असे माझे मत होत चालले आहे. अभ्यागत प्राध्यापक म्हणून दिल्लीस आल्यावर मी बिऱ्हाड केले ते गाझियाबादच्या वैशाली वसाहतीत. गाझियाबाद हे मूळ १७४० च्या सुमारास वजीर गाझीउद्दीनाने वसविलेले सराईचे गाव. १९७६ साली ते मेरठपासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले आणि २०११ साली दिल्लीची मेट्रो वैशालीपर्यंत येऊन पोहोचली. आता येथील प्रत्येक गल्लीत दोन-तीन तरी दुकाने अशी आहेत, की ज्यांच्या काचेवर ‘टेपर’, ‘लो फेड’, ‘मिड फेड’, ‘स्किन फेड’ अशी अक्षरे देवनागरीत रंगविलेली असतात. हिंदी वाचकास त्यांत काही खटकत नसावे. मराठी माणसाचा डोळा मात्र ‘फेड’ या अक्षरांशी अडतो. आपल्याकडे फेड असते ती ऋणाची. इंग्रजीतील मूळ शब्दाचा अर्थ फिकट होत जाणे, विरणे एवढाच आहे, हे ठाऊक असूनही पहिला अर्थ मनातून जात नाही.

या केशरचनेचे शास्त्र मला शिकविले ते आमच्या गल्लीतील एका वयस्क कारागिराने. सारे त्यांना उस्ताद म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ते मला ‘प्रोफेसर साहब’ म्हणतात. टेपर आणि फेड हे एक नव्हे, हा त्यांचा पहिला धडा. टेपरमध्ये कानाजवळचे व मानेवरचे केस खाली उतरता उतरता आखूड होत जातात. परंतु ते शेवटपर्यंत केसच राहतात. फेडमध्ये ते त्वचेत विरून जातात. विरण्याचा हा आरंभ कानाच्या लगत झाला तर तो ‘लो’, कपाळाच्या बाजूस आनशिलाच्या सुमारास झाला तर ‘मिड’, आणि त्याहूनही वर गेला तर ‘हाय’. यंत्रावर चढवावयाच्या फण्यांना क्रमांक असतात: एक म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १०, चार म्हणजे १३. नवशिका प्रत्येक क्रमांकाची एकेक पट्टी डोक्यावर ओढतो आणि पायऱ्या पाडून ठेवतो. खरा कारागीर दोन क्रमांकांमधील जागा यंत्राच्या बाजूची कळ किंचित वरखाली करून, मनगट बाहेर वळवून आणि शेवटी फणीवर कात्री चालवून पुसून टाकतो. उस्तादांच्या भाषेत, “लाइन दिख गई, तो काम ख़राब।”

गिऱ्हाइकाने निवड कशी करावी, याविषयीही त्यांची मते पक्की आहेत. मुले भ्रमणध्वनीवर कुणा खेळाडूचे चित्र दाखवितात आणि ‘असेच हवे’ म्हणतात. उस्ताद चित्राकडे ओझरते पाहतात व मुलाच्या डोक्यावरून बोटे फिरवू लागतात. चेहरा गोल असेल तर बाजू बारीक करून वर उंची ठेवावी. लांबट असेल तर बाजूंचे केस फार उडवू नयेत, नाहीतर तोंड अधिकच लांब दिसते. कवटीच्या मागील उंचवट्याखाली खळगा असेल तर तेथे केसांची सावली राहू द्यावी. माथ्यावरील भोवऱ्याशी कधी भांडू नये. तो ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने केस बसवावेत. केस विरळ होऊ लागलेल्या माझ्यासारख्याने उंच फेडच्या वाटेस जाऊ नये. वरचे केस आखूड ठेवून कडेला साधा टेपर घ्यावा, म्हणजे दाट आणि विरळ यांतील विरोध नाहीसा होतो. ओल्या केसांना चिमूटभर मेण बोटांच्या पेरांनी लावावे. ते तेलासारखे थापू नये. आणि मुख्य म्हणजे हा थाट क्षणभंगुर आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तेव्हा त्वचेत विरलेली कड पंधरा दिवसांत पुन्हा काळी होते. टेपर महिनाभर शोभतो. ज्याला महिन्यातून दोनदा खुर्चीत बसणे परवडत नाही, त्याने फेड करू नये.

ही रचना आली अमेरिकेतून. १९१९ साली इलिनॉय राज्यातील स्टर्लिंग गावी लिओ वॉल यांनी विजेवर चालणाऱ्या केशकर्तन-यंत्राचा व्यवसाय उभारला. सैन्यातील आखूड केसांची शिस्त आणि कृष्णवर्णीयांच्या दुकानांतील कारागिरी यांतून फेड घडत गेला, आणि १९८० नंतरच्या दशकात तेथील तरुणांच्या संगीताबरोबर तो जगभर पसरला. ज्या समाजाच्या केसांना शतकानुशतके कुरूप ठरविले गेले, त्याच समाजाच्या न्हाव्यांनी जगाला केस कसे कापावेत हे शिकविले. याची नोंद तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने घ्यावी असे मला वाटते.

आपल्याकडची कथा याहून गुंतागुंतीची आहे. संस्कृतातील नापित प्राकृतातून मराठीत न्हावी झाला व हिंदीत नाई. या दोन्ही शब्दांना जातीचा वास लागल्यामुळे ते आज पाटीवर दिसत नाहीत. गाझियाबादेत मुसलमान कारागीर स्वतःस सलमानी म्हणवितात आणि आपले नाते सलमान फारसी यांच्याशी सांगतात. हिंदू कारागीर सैन म्हणवितात आणि नाते सांगतात ते संत सैन यांच्याशी. हे सैन म्हणजेच आपले सेना न्हावी. मराठी परंपरेत ते वारकरी आहेत, विठ्ठलाचे अभंग रचणारे आहेत. आरसा, चिमटा अशी आपल्या धोकटीतील हत्यारेच त्यांनी परमार्थाच्या कामाला लावली. उत्तरेची परंपरा त्यांना रामानंदांचे शिष्य मानते आणि बांधवगडच्या राजाच्या सेवेत ठेवते. त्यांचे एक पद धनाश्री रागात गुरू ग्रंथ साहिबमध्ये समाविष्ट आहे. ज्या पंथाने केसाला कात्री लावू नये असा नियम केला, त्याच्या धर्मग्रंथात एका न्हाव्याची वाणी आदराने विराजमान व्हावी, हे भारतीय साहित्याच्या एकात्मतेवरील अनेक व्याख्यानांपेक्षा मला अधिक बोलके वाटते. दोन परंपरांतील सेना एकच की दोन, याचा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. मराठी सेना कोठे संपतो आणि हिंदी सैन कोठे सुरू होतो, ती रेषा मला तरी दिसत नाही.

परंतु या विषयात मला सर्वांत जड वाटणारा शब्द आहे तो ‘निवड’. आपल्या डोक्यावरील केसांचे काय करावे हे ठरविण्याचा अधिकार आपल्या देशात फार थोड्यांना होता. आमच्या घरी पणजीचे एक छायाचित्र आहे: आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि पदराखाली केस नाहीत. बाराव्या वर्षी तिचे केशवपन झाले, एवढेच घरात सांगितले जाई. तिला कुणी विचारले होते काय, हा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमूच्या डोक्यावर बळजबरीने वस्तरा फिरतो. ती कादंबरी ज्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली, ते १८९० साली सुरू झाले. आणि त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा धरावयाचा नाही असा निर्धार केला. कादंबरी आपण पाठ्यपुस्तकात नेमली. ही सभा मात्र वाङ्मयेतिहासाच्या तळटीपेतही क्वचितच आढळते. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला. पोटावर पाय येईल हे जाणून ठेवला.

याच वस्तऱ्याला दुसरीही एक बाजू आहे आणि ती लपविणे योग्य नव्हे. अस्पृश्य मानलेल्यांच्या डोक्यास हात लावावयास हेच कारागीर तयार नसत. साताऱ्यास बालपणी आपले केस थोरली बहीण कापीत असे, कारण पैसे देऊनही न्हावी मिळत नसे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे एकीच्या डोक्यावर तिच्या इच्छेविरुद्ध वस्तरा, आणि दुसऱ्याची इच्छा असूनही वस्तरा नाही. या दोन टोकांच्या मधोमध आज गाझियाबादेतला एक अठरा वर्षांचा मुलगा खुर्चीत बसून ‘मिड फेड’ म्हणतो, आणि त्याचे आडनाव कुणी विचारीत नाही. हे सर्वत्र असेच असेल असे मी म्हणणार नाही. या गल्लीत असे आहे आणि तेही लहान नव्हे.

उस्तादांना मी एकदा विचारले, “हे काम तुम्ही निवडलेत का?” ते हसले. म्हणाले, वडिलांनी नवव्या वर्षी हातात कात्री दिली. निवड वगैरे काही नव्हती. त्यांचा मुलगा संगणकाचे शिक्षण घेतो आणि दुकानात पाऊल ठेवीत नाही. याचा आनंद मानावा की दुःख, हे त्यांना उमगत नाही, आणि खरे सांगावयाचे तर मलाही उमगत नाही. जातीने लादलेला धंदा मुलाने सोडावा, ही आपलीच शिकवण आहे. परंतु डोक्याचा खळगा बोटांनी वाचणारे हे ज्ञान त्यांच्या बोटांबरोबरच जाणार असेल, तर त्याचा हिशेब कोठे मांडावयाचा? पलीकडच्या वातानुकूलित दालनात हेच काम करणारा तरुण ‘हेअर आर्टिस्ट’ म्हणवितो आणि तिप्पट दर घेतो. कला एकच, जात झटकली की तिला नाव मिळते. उस्तादांनी ती न झटकता आयुष्यभर केली.

सेनाने राजाची हजामत केली, अशी कथा दोन्ही परंपरा सांगतात. भक्त पूजेत गुंतला असता देवच त्याचे रूप घेऊन राजाच्या सेवेस गेला, म्हणे. या कथेचा चमत्कार मला राजाच्या दरबारात दिसत नाही. देवाला क्षणभर न्हावी व्हावेसे वाटले, त्यात तो आहे. हे काम हलके नव्हे, असे त्या काळच्या माणसांना सांगण्यासाठी एवढी मोठी साक्ष काढावी लागली. आज ती साक्ष आपण काढावयाची आहे, आणि ती पाटीवरील शब्द बदलून होणार नाही. या पोटजातीतील मुलगा कात्री धरील तर आवडीने आणि सोडील तर निर्भयपणे, आणि दुसऱ्या कुणाच्या मुलाला ती धरावीशी वाटली तर त्याला लाज वाटणार नाही, अशी वेळ आली म्हणजे या ऋणाचा पहिला हप्ता चुकता झाला असे मी समजेन.