प्रिंटर घेताना

वस्तू घ्यायला बाजारात गेलो, की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'केवढ्याला?' दुसरा प्रश्न असतो, 'चालते कशी?' तिसरा एक प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. तो म्हणजे, 'ही वस्तू वापरात नसेल, तेव्हा कशी राहते?' रोज लागणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हा प्रश्न विचारला नाही, तरी फारसे बिघडत नाही. पण कधीमधी लागणाऱ्या वस्तूच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. घरासाठी प्रिंटर निवडताना मला हे नीट समजले.

मी मालेगावला एका उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. प्रश्नपत्रिका मी घरीच संगणकावर तयार करते. तिची एक स्वच्छ प्रत छापून घ्यायची आणि बाकीच्या प्रती शाळेच्या यंत्रावर काढायच्या, अशी आमची पद्धत आहे. पण ती पहिली प्रत छापायची कोठे? आमच्या मोहल्ल्यातील झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी माझेच विद्यार्थी उभे असतात! प्रश्नपत्रिका ही शिक्षकाकडे सोपवलेली अमानत आहे. परीक्षेपूर्वी ती कोणाच्याही नजरेस पडता कामा नये. म्हणून घरी प्रिंटर घ्यायचे ठरले.

घरात लगेच चर्चा सुरू झाली. मुलगी म्हणाली, "अम्मी, रंगीत घ्या ना! मला प्रकल्पासाठी चित्रे लागतात." तिचे अब्बा म्हणाले, "आधी हिशेब करू. महिन्याला पाने किती लागतात?"

मी वही घेऊन बसले. परीक्षेच्या महिन्यांत तीस-चाळीस पाने लागत होती. इतर महिन्यांत दोन-चार अर्ज आणि एखादा दाखला. मे महिन्याच्या सुट्टीत तर एकही पान नाही. म्हणजे आमचा प्रिंटर वर्षातील बहुतेक दिवस नुसता पडून राहणार होता.

मुलांनो, घरगुती प्रिंटर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला इंकजेट. यात पातळ शाई असते. केसाहूनही बारीक अशा शेकडो छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर उडतात आणि अक्षरे उमटतात. रंगीत चित्रे तो फार सुंदर छापतो. पण तो बरेच दिवस बंद राहिला, तर छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळते. मग पानावर पांढऱ्या रेघा येतात. छिद्रे साफ करण्याची सोय यंत्रातच असते. पण प्रत्येक सफाईत थोडी शाई खर्च होते. म्हणजे एकही पान न छापता शाई संपत जाते!

माझे मोठे चाचा कातिब होते. उर्दू छपाई संगणकावर येण्यापूर्वी ते लग्नपत्रिका आणि जाहिराती सुंदर नस्तालीकमध्ये लिहून देत. १९८१ साली 'नूरी नस्तालीक' तयार झाले आणि हळूहळू कातिबांचे काम यंत्राकडे गेले. रोजचे काम संपले, की चाचा आपला बोरू धुऊन, पुसून ठेवत. ते म्हणत, "बेटा, शाई टोकावर वाळली, की उद्या अक्षर रुसते." इंकजेटची माहिती वाचताना मला त्यांचे हेच बोलणे आठवले.

दुसरा प्रकार लेझर प्रिंटरचा. यात शाई नसतेच. टोनर नावाची कोरडी भुकटी असते. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, हा प्रयोग तुम्ही केलाच असेल. तसाच विद्युतभार या यंत्रातील गोल नळीवर असतो. लेझरच्या प्रकाशाने नळीवर अक्षरांचा आकार तयार होतो, तेथे भुकटी चिकटते, मग ती कागदावर येते आणि तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की बसते. कोरड्या भुकटीने प्रत काढण्याची ही रीत चेस्टर कार्लसन या अमेरिकन संशोधकाने शोधली. त्याची पहिली प्रत २२ ऑक्टोबर १९३८ रोजी उमटली. भुकटी मुळातच कोरडी. ती आणखी काय वाळणार? दोन महिन्यांनी बटण दाबले, तरी पान स्वच्छ येते.

लेझरलाही उणिवा आहेत. त्याची किंमत साध्या इंकजेटपेक्षा बरीच जास्त असते. रूळ तापवताना तो एकदम खूप वीज ओढतो, म्हणून घरातील लहान इन्व्हर्टरवर तो चालवू नये. एकरंगी लेझर फक्त काळे छापतो. नव्या यंत्रासोबत येणारे टोनर पुष्कळदा पूर्ण भरलेले नसते, हेही दुकानदाराला विचारून घ्यावे.

दुकानदाराने शाईच्या टाकीचा इंकजेट दाखवला. त्यात एका पानाचा खर्च अगदी कमी येतो. रोज पुष्कळ पाने छापणाऱ्याला तो चांगलाच. पण टाकी मोठी असली, तरी छिद्रे तशीच बारीक. असा प्रिंटर घेतला, तर आठवड्याला एखादे रंगीत पान छापावे आणि तो नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा. तसे केले, की छिद्रांवर झाकण बसते.

आम्ही लहान एकरंगी लेझर घेतला. मुलगी थोडी हिरमुसली. मी तिला म्हणाले, "बेटा, तुझी चित्रे काही गुपित नाहीत. ती आपण दुकानातून छापून आणू." वर्षातून चार-सहा वेळा तेवढे करणे आम्हांला सहज जमते.

प्रश्नपत्रिकांची जबाबदारी नसती, तर मी प्रिंटर घेतलाच नसता. महिन्याला दहा-वीस पानांसाठी दुकानच स्वस्त पडते. शेजारचा माणूस काय घेतो, हे पाहून आपली गरज कळत नाही. त्यासाठी आपली वही उघडावी लागते. वस्तू किती दिवस कामाला येईल आणि किती दिवस पडून राहील, हे आधी मोजावे. मगच किंमत विचारावी.