करडीच्या वाटेची चाके

दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार रंगते आणि आम्हां जावयांना निमंत्रणे येतात. माझी सासुरवाडी मोहाडी तालुक्यातील करडी. नागपूरहून भंडाऱ्यापर्यंत रुंद महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. पुढे कोक्याच्या जंगलाकडून, धानाच्या बांध्यांमधून जाणारी वाट. तिथे खड्डे आधी दिसतात, गाव मागाहून.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना दम लागला, म्हणून रात्री याच वाटेने त्यांना भंडाऱ्याला नेत होतो. वळणावर ब्रेक दाबला, तर आमची ती भलीथोरली गाडी थांबण्याऐवजी सरकतच गेली आणि अगदी बांधीच्या काठाशी उभी राहिली. मागून सासूबाई धापा टाकीत म्हणाल्या, "जवाईबापू, मराचंच असन तं दवाखान्यात मरीन, बांधीत नाही!"

त्या बऱ्या झाल्या. मी मात्र दुसऱ्या दिवशी खाली वाकून टायर पाहिले. खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. टायर तिथवर झिजला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की तो बाद समजावा. ओल्या रस्त्यावरचे पाणी बाजूला सारायला मग जागाच राहत नाही. माझे टायर तिथवर केव्हाच पोचले होते. वीस वर्षे मुलांना अक्षरवाङ्मय शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या चाकावरची अक्षरे कधी वाचली नव्हती!

तिथे लिहिले होते : २३५/६५ आर १७. टायरची रुंदी २३५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. आतली बांधणी रेडियल. आणि चाक १७ इंची.

चिरंजीवांना १९ इंची चाके हवी होती. गाडी 'उठून दिसते' म्हणे. टायर २३५/५५ घेतला, तर बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, वेगाचा काटाही खोटे बोलत नाही, हे त्याचे गणित बरोबर होते. सौभाग्यवतीही त्याच्याच पक्षाला मिळाल्या. घरात माझे मत एकटे पडले.

निकाल लागला करडीत. बंडीची चाके करण्यात जन्म घालवलेले एक वृद्ध सुतार तिथे आहेत. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या आगीत तापवून फुगवायची, चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचे. ती आकसली की तुंबा, आरे, पुठे सारे आवळून धरते, हे त्यांनी मला हातवारे करून समजावले. मग चिरंजीवांना विचारले, "गाडी कोनत्या वाटेनं जाते जी?"

"याच."

"मंग रबर जास्त पाहिजे का लोखंड?"

चिरंजीव गप्प. १५३ मिलिमीटरची भिंत १२९ वर आली, की खड्ड्याचा दणका झेलणारी हवेची गादी तेवढी कमी होते आणि चाकाची कड वाकण्याची भीती वाढते. आमच्या बैलबंडीला तर गादीच नव्हती. तिथे बैल हळू चालत, एवढाच दिलासा.

१७ इंचीच घेतले. दुकानदाराने काढलेले पहिले चार टायर चार वर्षांपूर्वीचे निघाले. कडेवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, हे आता मला कळू लागले होते. ते परत केले, ताजे घेतले.

दसऱ्याला सासूबाईंनी चारही चाकांना हळदकुंकू लावले. पाचवी स्टेपनी विसरल्या; ती चिरंजीवांनी आठवणीने पुढे आणली.